सोरपोतेल, लेवीय आणि आमची सोसायटी: नियमशास्त्र नक्की रद्द केलं कुणी?

टपालपेटी
मंडळी, एक साधा प्रश्न आहे, भांडणं नकोत. ठाण्यात आमच्या बिल्डिंगमधे दुसऱ्या मजल्यावर एक बेने इस्राएली (कोकणातल्या मराठी यहुदी) आजी राहतात आणि खाली तळमजल्यावर मूळचं वसईचं कॅथलिक कुटुंब. परवा नाताळला खालच्या वहिनींनी नेहमीप्रमाणे सगळ्यांकडे ताटं पाठवली, आमच्याकडे कुसवार (नाताळचा गोडाचा फराळ) आणि एका डब्यात सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण. आजींकडे मीच ताट घेऊन गेलो होतो, त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाल्या गोड तेवढं ठेव बाबा, हे खाली परत दे, त्यांना वाईट वाटू देऊ नको. नेवऱ्या कशात तळल्यात तेही विचारलं. मी डबा परत घेऊन गेलो तर वहिनी म्हणतात अगं बाई विसरलेच, दरवर्षी विसरते.

तेव्हापासून डोक्यात आहे. दोघींच्याही ग्रंथात लेवीय नावाच्या पुस्तकाचा ११ वा अध्याय आहे, डुकराचे खूर दुभंगलेले पण ते रवंथ करत नाही म्हणून निषिद्ध. शब्द तेच. मग एकीला चालतं आणि एकीला नाही, हे ठरवलं कुणी? येशूने? पण मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात तर तो सरळ म्हणतो की मी नियमशास्त्र (मोशेचे नियम) रद्द करायला आलेलो नाही, काना-मात्रासुद्धा जाणार नाही. जाणकारांनी उजेड पाडावा.

आगाऊ_कार्टं
परत केलेल्या डब्याचं पुढे काय झालं ते आधी सांगा. 😋

टपालपेटी
@कार्टं, परत केला नाही म्हणजे केला, पण रिकामा.

वसईचा_वाडा
सोपं आहे हो. नव्या करारात प्रेषितांची कृत्ये अध्याय १०. येशूचा शिष्य पेत्र यापोला घराच्या गच्चीवर प्रार्थनेला गेला, भूक लागलेली, स्वयंपाक व्हायचा होता, तेवढ्यात त्याला दर्शन झालं की आकाशातून मोठी चादर चारी कोपरे धरून खाली येते आहे आणि त्यात सगळ्या जातींचे प्राणी, आणि आवाज आला की ऊठ, मारून खा. तीनदा झालं. देवाने जे शुद्ध केलं ते तू अशुद्ध मानू नको. विषय संपला, सोरपोतेल चालू.

हेकट
तीनदा दर्शन, ते पण भुकेल्या पोटी! अशी दर्शनं मलाही दुपारी दीडला होतात.
खरं कारण मार्केटिंग आहे. येशूनंतरचा मोठा धर्मप्रचारक पौल, त्याला ग्रीक आणि रोमन लोक आणायचे होते, त्यांना सुंता करा, डुक्कर सोडा, शनिवारी दुकान बंद ठेवा म्हटलं असतं तर कोण आलं असतं? म्हणून नियम काढले. आणि येशू तर आधीच त्या परुशांच्या (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या) कर्मकांडाला कंटाळलेला होता, शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) मोडायचा, हात न धुता जेवायचा. कर्मठ धर्म विरुद्ध प्रेमाचा धर्म, सरळ गोष्ट आहे.

ग्रंथालयी
हेकट, मार्केटिंगचं सोडलं तर बाकी सगळ्यावर आक्षेप आहे, जरा लांबण लागेल, क्षमस्व.

शब्बाथ "मोडायचा" म्हणजे काय? शेतातून जाताना शिष्यांनी कणसं मोडली, हातावर चोळून खाल्ली. तोरामधे (मोशेच्या पाच पुस्तकांत) एवढंच आहे की सातव्या दिवशी काम करू नका. काम म्हणजे काय ते कुठे धड सांगितलेलं नाही. मग त्यावर पिढ्यान् पिढ्या चर्चा. साधारण इ.स. २०० च्या सुमाराला यहूदा हनासी यांनी मिश्ना (रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, तोंडी कायद्याचा संग्रह) संकलित केली त्यात कामाचे ३९ प्रकार मोजलेत: पेरणं, नांगरणं, कापणं, मळणं, उफणणं वगैरे. कणीस मोडलं की कापणी, चोळलं की मळणी. मिश्ना येशूनंतरची आहे पण वाद आधीपासूनचेच. त्यामुळे गोष्टीतले परुशी जे विचारतात तो कटकट्या माणसाचा प्रश्न नाही, तो त्या काळचा कायद्याचा प्रश्न आहे. आणि येशू उत्तर कसं देतो? "शब्बाथ गेला खड्ड्यात" म्हणतो का? नाही, तो जुन्या करारातला दाखला देतो, दावीदाला भूक लागली तेव्हा त्याने समर्पित भाकरी खाल्ल्या. वकील जसा जुना निकाल काढतो तसं. ज्याला कायदाच मान्य नाही तो दाखले कशाला देईल?

शब्बाथ माणसासाठी, माणूस शब्बाथसाठी नाही, हे वाक्य आपण सगळे येशूचं म्हणून ओळखतो. जवळजवळ तसंच वाक्य रब्बींच्या ग्रंथात पण आहे, शब्बाथ तुमच्या हवाली केला आहे, तुम्ही शब्बाथच्या हवाली नाही. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायचाच, हा त्यांचाच नियम.

मग भांडण कुठे? वाळलेल्या हाताच्या माणसाला येशू शब्बाथला बरं करतो तिथे. त्याचा जीव धोक्यात नव्हता, संध्याकाळपर्यंत थांबता आलं असतं. एवढ्याशा जागेवर वाद आहे! आणि गंमत बघा, येशू त्याला हातही लावत नाही, नुसतं म्हणतो हात पुढे कर. बोलणं हे त्या ३९ मधे येतच नाही.

आगाऊ_कार्टं
म्हणजे टेक्निकली नो बॉल नव्हता. 🏏

रेवदंड्याची_लेक
बरेच दिवसांनी लिहिते आहे इथे. मी स्वतः बेने इस्राएल, त्यामुळे हेकट यांचं "कर्मठ धर्म विरुद्ध प्रेमाचा धर्म" वाचून जरा टोचलं. तुमचा दोष नाही, मी हेच शाळेत ऐकलंय. मिशनची शाळा होती, नाव नको, बायबलच्या तासाला बाई सांगायच्या परुशी म्हणजे ढोंगी, आणि मग वर्गात कुणी खोटं बोललं की पोरं "ए परुशी" म्हणून चिडवायची. मी घरी येऊन पप्पांना विचारलं परुशी कोण होते, तर ते म्हणाले आपणच की. इ.स. ७० मधे रोमन लोकांनी मंदिर पाडलं, मंदिरावर जगणारे सदूकी संपले, आणि जे उरलं ते परुशांच्या शिकवणीतून आलेल्या रब्बींनी सांभाळलं. आज जगात जो यहुदी धर्म आहे त्यातला बहुतेक भाग त्यांचाच वारसा. नवव्या वर्षी हे कळलं तेव्हा मला त्या बाईंच्या तासाला बसवेना.

आणि "ओझं" म्हणतात ना नियमांचं, आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी काळ्या मनुका भिजवून कुस्करून त्याचं सरबत करतात, वाइनच्या ऐवजी, किद्दूशला (शब्बाथ सुरू होतानाच्या आशीर्वादाला). आई गाळायची आणि चोथा मी चाटायचे. लहानपणीचा शब्बाथ म्हटला की मला ते आठवतं, ओझं नाही आठवत. कोकणात राहून कोळंबी नाही, कुर्ल्या नाहीत हे मात्र ओझं होतं, खोटं कशाला बोलू 😄 पंख आणि खवले असलेले मासेच चालतात.

कोकणी_मेवा
रेताई, ती दाविद रहाबीची गोष्ट खरी का? आमच्या अलिबागकडे सांगतात की बाहेरून आलेल्या त्या माणसाने शनवार तेल्यांच्या (शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या तेल गाळणाऱ्या बेने इस्राएलांच्या) बायकांना वेगवेगळे मासे रांधायला दिले आणि त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढून ठेवले, तेव्हा त्याला खात्री पटली की हे यहुदीच.

रेवदंड्याची_लेक
@कोकणी_मेवा, दंतकथा आहे पण लाडकी दंतकथा. हिब्रू विसरलो होतो, ग्रंथ जवळ नव्हता, पण शनिवारी घाणा बंद, आठव्या दिवशी सुंता, शेमा ही आमची मुख्य प्रार्थना पाठ आणि मासा कुठला ते माहीत. ग्रंथ नसताना कायदा बायकांच्या चुलीपाशी टिकला असं माझी आजी अभिमानाने सांगायची.

पास्टरांचा_मुलगा
आयडीवरून कळलंच असेल, नगरकडचे आम्ही, प्रोटेस्टंट. रेताई, आमच्या चर्चमधेही "परुशी" शिवीसारखाच वापरतात, मी लहानपणी हजारदा ऐकलं, तुमची पोस्ट वाचून पहिल्यांदा लाज वाटली.

बाबांचं एक प्रवचन आठवतं, मत्तय २३ वर. शास्त्री आणि परुशी पुदिना, शेप आणि जिरं यांचासुद्धा दशांश देतात आणि न्याय, दया, विश्वास या मोठ्या गोष्टी सोडतात. आम्ही सगळे हसायचो, जिऱ्याचे दाणे मोजणारा माणूस डोळ्यासमोर आणून. पुढची ओळ मात्र बाबा भरभर वाचायचे. येशू म्हणतो, या गोष्टी करायला हव्या होत्या आणि त्याही सोडायला नको होत्या. म्हणजे जिरं मोजणं चूक असं तो म्हणतच नाही! जिरं मोज पण न्यायही कर. मोठेपणी मी बाबांना हे दाखवलं तर म्हणाले, माहीत आहे, पण मंडळी मग दशांशाबद्दल प्रश्न विचारतात.

आगाऊ_कार्टं
जिऱ्यावर दहा टक्के, आपल्याकडे जीएसटी पाच होता हो. मोशेचं शासन महाग.

हेकट
ठीक, शब्बाथ आणि जिरं मान्य. पण "डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात" याचं काय? तिथे येशू स्पष्ट म्हणतो की तुम्ही असं ऐकलं आहे पण मी तुम्हाला सांगतो, दुसरा गाल पुढे कर. हा सुड आणि क्षमा यातला फरक नाही का.

ग्रंथालयी
नाही. 🙂 रब्बींच्या न्यायात कुणाचा डोळा काढत नव्हते. मिश्नामधे इजेच्या भरपाईचे पाच हिशेब दिलेत: अवयवाचं नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेला रोजगार आणि अपमान. नुकसान मोजायची रीत जरा अंगावर येते, बाजारात गुलाम म्हणून याची किंमत आधी किती आली असती आणि आता किती, तो फरक. पण पैशातच. मोटार अपघाताच्या दाव्यात वकील जे मागतात ते साधारण हेच. अपमानाचे पैसे वेगळे, हे तर आपल्याकडे अजून नीट मिळत नाहीत.
मूळ ओळसुद्धा मर्यादा घालणारी आहे, एका डोळ्याबद्दल एकच डोळा, सगळं गाव जाळायचं नाही. येशू त्याच दिशेने आणखी पुढे जातो, उलट्या दिशेने नाही. खून करू नको, तर रागही धरू नको. व्यभिचार नको, तर तशी नजरही नको. कुंपण आणखी बाहेर सरकवतोय. हे रद्द करणं नाही, हे कडक करणं आहे.

शेवंता
कडक म्हणाल तर घटस्फोट बघा ना. हिल्लेल आणि शम्मई, येशूच्या जरा आधीचे दोन मोठे आचार्य, त्यांची घराणी कायम एकमेकांविरुद्ध. तोरातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात लिहिलंय की बायकोत काही लज्जास्पद आढळलं तर सूटपत्र द्यावं. शम्मईवाले म्हणाले म्हणजे बदफैलीपणाच. हिल्लेलवाले म्हणाले, तिने जेवण करपवलं तरी पुरे! येशू इथे शम्मईच्या जवळचा, किंबहुना त्याहून कडक. म्हणजे दरवेळी "उदार येशू, कडक रब्बी" असं नाही.

आगाऊ_कार्टं
जेवण करपवलं तरी?! आमच्या घरी हा नियम उलटा लागू झाला तर मी रस्त्यावर.

शेवंता
@कार्टं, हलकेच घ्या पण तोच हिल्लेल एका पायावर उभा राहून सगळा धर्म शिकव म्हणणाऱ्याला म्हणाला होता की तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याला करू नको, बाकी सगळं भाष्य आहे, जा आणि शीक. लोक शेवटचे दोन शब्द खातात.

अश्दोदचा_मराठी
इस्राएलमधून नमस्कार. तुम्ही सूटपत्राचं काढलंत म्हणून. आमच्या लोकांसाठी हा पुस्तकातला प्रश्न नव्हता. १९६२ मधे इथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने काढलं की बेने इस्राएलांचं लग्न दुसऱ्या यहुद्यांशी लावण्याआधी पिढ्यांची चौकशी करा, का तर हिंदुस्थानात यांचे घटस्फोट आणि विधवा-दिराचे नियम हलाखाप्रमाणे (यहुदी धर्मकायद्याप्रमाणे) झाले की नाही कुणास ठाऊक. दोन हजार वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला आणि वर हे! माझे वडील १९६४ च्या जेरुसलेमच्या धरण्यात होते, रात्री मराठीत भजनं म्हणायचे असं सांगायचे. शेवटी क्नेसेटने (इथल्या संसदेने) ठराव केला की हे सर्व बाबतीत यहुदीच, मग कचेरीला शब्द बदलावे लागले.
म्हणून मला दोन्ही बाजू कळतात. कायद्यावर प्रेम आहे, पण कायद्याच्या टेबलाच्या चुकीच्या बाजूला उभं राहणं काय असतं तेही माहीत आहे.

कोकणी_मेवा
जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

पास्टरांचा_मुलगा
याला जोडून, आमच्या बाजूची उलटी गंमत. मिशनरी मुंबईला आले, १८१३ पासून अमेरिकन, मग स्कॉटिश जॉन विल्सन, त्यांनी १८३२ मधे मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. हेतू अर्थात बेने इस्राएलांनी ख्रिस्ती व्हावं. जुना करार त्यांना मराठीत मिळाला, हिब्रू शिकले आणि झालं काय तर अधिक पक्के यहुदी झाले. 😅

रेवदंड्याची_लेक
@पास्टर, थँक्यू बरं का व्याकरणाबद्दल.

टपालपेटी
धागाकर्ता अजून उपाशी आहे. सगळं वाचतोय, मस्त चाललंय, पण सोरपोतेलचं काय? ग्रंथालयी म्हणतात येशूने रद्द केलं नाही, मग केलं कुणी?

हेकट
मार्क ७! हात न धुता जेवण्याचा वाद, तिथे येशू म्हणतो बाहेरून आत जातं ते माणसाला विटाळत नाही, आणि पुढे लिहिलंय की असं बोलून त्याने सर्व अन्न शुद्ध ठरवलं. सापडले का ग्रंथालयी?

ग्रंथालयी
सापडलो नाही पण नेम चांगला होता. "सर्व अन्न शुद्ध ठरवलं" हे येशूचं वाक्य नाही, ते सांगणाऱ्या मार्कचं आहे. मत्तयने तीच गोष्ट सांगताना ती ओळ घेतलेली नाही. वाद होता हात धुण्याचा, आणि साध्या माणसाने जेवणाआधी विधीपूर्वक हात धुवावेत हे तोरात नाहीच, ती वाडवडिलांची परंपरा. ताटात भाकरी होती, डुक्कर नव्हतं.

आणि मुख्य पुरावा वसईच्या वाड्यांनीच वर दिलाय. चादरीच्या दर्शनात पेत्र काय म्हणतो? प्रभू, नको, मी आजवर कधी निषिद्ध खाल्लं नाही. हा येशूचा सगळ्यात जवळचा शिष्य, वर्षानुवर्षं बरोबर जेवलेला. येशूने सगळं चालतं असं स्पष्ट सांगितलं असतं तर पेत्राला ते ठाऊक नसतं? शिवाय दर्शनाचा अर्थ पेत्र स्वतः सांगतो, रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरात पाऊल ठेवल्यावर: देवाने मला दाखवलं की कोणत्याही *माणसाला* अशुद्ध म्हणू नये. चादरीतले प्राणी म्हणजे पाहुणे होते हो.

वसईचा_वाडा
हे मात्र मी कधी असं वाचलं नव्हतं. चाळीस वर्षं मिस्साला जातो.

ग्रंथालयी
खरा तडा सिरियातल्या अंत्युखियाला गेला. तिथे यहुदी आणि परराष्ट्रीय (म्हणजे यहुदी नसलेले) विश्वासी एका पंगतीला बसत, पेत्रही बसायचा. मग याकोबाकडून (येशूचा भाऊ, जेरुसलेमच्या मंडळीचा पुढारी) माणसं आली आणि पेत्र हळूच उठून बाजूला बसू लागला. पौलाने त्याला चारचौघांत झापलं, गलतीकरांच्या पत्रात पौलाने स्वतः लिहिलंय. म्हणजे प्रश्न असा होता की बाहेरून आलेल्याने आधी यहुदी व्हायचं, सुंता करायची, सगळे नियम घ्यायचे, मगच पंगतीत, की जसा आहे तसाच बसला तर चालेल? पौल म्हणाला तसाच बसेल. त्याच पत्रात तो नियमशास्त्राला बालरक्षक म्हणतो, मुलाला शाळेत नेणारा गडी, मूल मोठं झालं की त्याचं काम संपलं. यहुदी वाचकाला हे आवडणार नाहीच, कारण त्याच्या लेखी तो गडी नाही, घरातलाच आहे.

हेकट, तुमचं मार्केटिंगचं वाक्य म्हणूनच मी सोडलं होतं. बाहेरच्यांसाठी दार उघडल्यामुळे नियम गळाले हे बरोबरच. मार्केटिंग म्हणा किंवा दुसरं काही.

शेवंता
आणि तरी सगळे नाही गळाले! साधारण इ.स. ४९-५० ला जेरुसलेमात बैठक झाली, कृत्ये १५. परराष्ट्रीयांवर सगळं ओझं नको पण चार गोष्टी टाळा: मूर्तीला वाहिलेलं, जारकर्म, गळा दाबून मारलेलं आणि *रक्त*.

वसईचा_वाडा
थांबा. रक्त?
आमच्या सासूबाई सोरपोतेलमधे डुकराचं रक्त घालतात. त्याशिवाय चव नाही म्हणतात.

आगाऊ_कार्टं
😂😂😂 धाग्याचं सार्थक झालं.

टपालपेटी
म्हणजे परवाच्या डब्यावर आजींचा आक्षेप होताच, वर प्रेषितांचा पण?

शेवंता
घाबरू नका वाडा. पश्चिमेच्या चर्चमधे तो नियम ऑगस्टीनच्या वेळेलाच, म्हणजे इ.स. ४०० च्या सुमाराला, कुणी फार पाळत नव्हतं, आणि १४४२ ला फ्लॉरेन्सच्या परिषदेने लिहूनच टाकलं की ती बंदी त्या काळापुरती होती, यहुदी आणि परराष्ट्रीय एकत्र नांदावेत म्हणून. पूर्वेच्या ऑर्थोडॉक्सांनी मात्र ६९२ च्या परिषदेत रक्त खाण्यावर पुन्हा बंदी घातली. आणि इथिओपियाचे ख्रिस्ती अजून डुक्कर खात नाहीत, आठव्या दिवशी सुंता करतात, शनिवारही मानतात. तेव्हा "ख्रिस्ती असेल तर डुक्कर चालतं" हा नियमही सगळीकडे नाही.

कोकणी_मेवा
आणि गोवा विसरू नका. स्पेन-पोर्तुगालमधे धर्मांतरित यहुद्यांना पकडायचं तर डुक्कर खातो का ते बघायचे. गार्सिया द ओर्ता, गोव्यात बसून औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा वैद्य, १५६८ ला मेला, पुढच्या वर्षी बहिणीला गुप्तपणे यहुदी धर्म पाळते म्हणून जाळलं आणि १५८० मधे ओर्ताची हाडं उकरून जाळली. लेवीय ११ मुळे माणसं मेली आहेत. सोरपोतेलचा डबा परत देणं आणि "दरवर्षी विसरते" असं हसून म्हणणं ही साधी गोष्ट नाही.

हेकट
शब्द मागे घेतो, कर्मठ विरुद्ध प्रेम वगैरे. मार्केटिंग मात्र मागे घेत नाही. हे माझं शेवटचं पोस्ट.

वसईचा_वाडा
सासूबाईंना फोन केला. म्हणाल्या फ्लॉरेन्स कुठे आहे ते मला माहीत नाही, पण बरं केलं त्यांनी.

टपालपेटी
अपडेट. आज आजींकडे गेलो होतो, धागा थोडा वाचून दाखवला. परुशांचं ऐकून "हं" म्हणाल्या, बाकी गप्प. मग विचारलं सोरपोतेल बघून राग येतो का. म्हणाल्या राग कसला, ती वास येईल म्हणून खिडकी लावून शिजवते, मला माहीत आहे. सप्टेंबरात आमचा रोश हशाना, नवं वर्ष, असतो तेव्हा मी चिकाचा हलवा खाली पाठवते, तिची पोरं ताट चाटून परत देतात. मी म्हटलं त्यात दूध असतं ना, तुम्हाला मटणाबरोबर दूध चालत नाही, मग तुम्ही मटणाच्या जेवणानंतर कसं खाता? माझ्याकडे असं बघितलं जसं मी फार मोठा मूर्ख आहे. "नारळाचं दूध रे. कोकणात आलो ते काय उगाच."

आगाऊ_कार्टं
रेताई, चिकाचा हलवा. पाककृती. आत्ता.

रेवदंड्याची_लेक
वेगळा धागा काढते. गहू आजच भिजत घाल, चीक निघायला तीन दिवस लागतात. आणि तिसरा दिवस शनिवार येणार नाही असं बघ.